गस्तीच्या गाडीचं डिझेल

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं महामार्गावर गेली, जास्त करून नाशिक रस्त्याला, कसारा घाटाच्या अंगाने. शेवटची काही वर्षं ठाणे शहरात वाहतुकीला होतो. घर मात्र सुरुवातीपासून कोपरीतच. पूर्व द्रुतगती महामार्ग आमच्या उशाशी आहे. एका अंगाला आनंदनगरचा टोलनाका, दुसऱ्या अंगाला रेल्वेवरचा कोपरी पूल. रात्री दोनला जाग आली तरी पुलावर चढणारा ट्रेलर कुठल्या गिअरमध्ये आहे ते कानाला कळतं.

सरकारला पैशांची ओढ लागली की काटकसरीच्या बैठका होतात आणि त्यात कधी ना कधी गस्तीचा विषय निघतोच. गाड्या कमी करा, माणसं दुसरीकडे वळवा, आता कॅमेरे आलेत ना, असं बोललं जातं. बैठकीत बसलेल्या सगळ्यांनी रात्रीचा महामार्ग पाहिलेला असतो असं नाही. मी तो पाहिला आहे, म्हणून हे लिहितो.

१. कात्री आधी रात्रीवर चालते

पगाराला हात लावता येत नाही. चौकीची वीज तोडता येत नाही. मग खर्च कमी करायचा तो कुठे? डिझेल, टायर, बॅटऱ्या, क्रेनवाल्याचं बिल, रस्त्यावर मांडायचे कोन, अंगावरची रिफ्लेक्टर जॅकेटं. यादी किरकोळ वाटते, पण गस्त म्हणतात ती याच यादीवर चालते. दिवसाची गस्त कमी केली की लोकांना दिसतं, पुढारी विचारतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. रात्रीची फेरी बंद पडली तर ते फक्त ट्रकवाल्यांना कळतं, आणि त्यांना विचारायला कोणी जात नाही.

एका वर्षी, कुठल्या केंद्रात ते महत्त्वाचं नाही, आम्हाला तोंडी सांगण्यात आलं की कॉल आला तरच गाडी काढा, उगाच फेऱ्या मारू नका. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. घाटात त्याचा अर्थ वेगळा होतो. पाटा तुटलेला ट्रक वळणावर बंद पडला, मागचे दिवे गेलेले, ड्रायव्हर झाडाच्या फांद्या तोडून मागे टाकतोय. अशा ट्रकसाठी कॉल कोण करणार? कॉल येतो तो त्याच्यावर दुसरी गाडी आदळल्यावर. फेरीवर असलेली गाडी तो ट्रक आधी बघते, मागे कोन मांडते, निळा-लाल दिवा लावून उभी राहते आणि क्रेन बोलावते. कॉल आल्यावर निघालेली गाडी पंचनाम्याला पोहोचते. दोन्हीत डिझेल जवळपास सारखंच जळतं.

२. आमचं मुख्य काम दुसरा अपघात थांबवणं

नवीन पोरांना मी हे पहिल्या दिवशी सांगायचो. अपघात झाल्यावर सगळे जखमींकडे धावतात, धावायलाच हवं. पण एकाने उलट्या दिशेने, येणाऱ्या गाड्यांकडे पळायचं. हातात बॅटन, जमलं तर कोन, नाहीतर गाडीतलं काहीही चमकणारं. जितकी गाड्यांची गती जास्त तितकं लांब जायचं. घाट असेल तर वळणाच्या अलीकडे, कारण वळण घेतल्यावर दिसलं तर ब्रेक लागेपर्यंत उशीर झालेला असतो. इगतपुरीकडून उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे असतात. खाली येईपर्यंत त्यांचे ब्रेक तापलेले असतात, कधी कधी चाकातून धूर येत असतो. अशी गाडी अपघाताच्या गर्दीत घुसली की पहिल्या अपघातात वाचलेले दुसऱ्यात जातात. मदतीला थांबलेले जातात. पोलीसही जातात.

म्हणून गाडीवर किमान तीन माणसं लागतात. एक ड्रायव्हर, तो गाडी आडवी लावून बिनतारी सांभाळतो. एक जखमींपाशी. एक मागे, येणाऱ्या वाहतुकीच्या तोंडावर. संख्याबळ कमी झालं की या तिघांचे दोन होतात, आणि मग मागे पळणारा माणूसच उरत नाही. वर पाठवलेल्या तक्त्यात ‘गस्तीवर वाहन: १’ असंच राहतं. तक्ता बघणाऱ्याला वाटतं सगळं जसंच्या तसं आहे.

जखमींच्या बाबतीत काळ सुधारला, हे मनापासून सांगतो. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका येऊ लागली. आधी आम्ही दुधाच्या टेम्पोत, एसटीत, मिळेल त्या गाडीत माणसं घालून पाठवायचो. मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्ट छळणार नाहीत, असं संरक्षण आता कायद्यानेच दिलं आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही लागू झाली. पण रुग्णवाहिकेला कोंडीतून वाट काढून देणारा रस्त्यावर माणूसच लागतो.

३. गस्त चलनांवरून मोजू नका

राज्यभर ई-चलन आलं, २०२१ च्या डिसेंबरपासून दंडही वाढले. तो पैसा सरकारच्या तिजोरीत जातो, आमच्या डिझेलला नाही. तरी अधूनमधून कोणीतरी म्हणतंच की महामार्गावरच्या माणसाने निदान आपला खर्च तरी भरून काढावा. असं एकदा वरून आलं की माणूस उभा राहण्याची जागा बदलतो. तो वळणाच्या तोंडाशी थांबत नाही, टोलच्या आधीच्या सरळ पट्ट्यावर थांबतो, जिथे गाड्या आपोआप हळू होतात आणि सीटबेल्ट न लावलेला चटकन दिसतो. चलनं वाढतात, वळण मोकळं पडतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या शिपायांना मी दोष देत नाही.

४. होमगार्ड म्हणजे बिनकामाची भर नव्हे

होमगार्ड ही मुंबईत जन्मलेली संघटना आहे. डिसेंबर १९४६ मध्ये, दंगलींच्या काळात, तेव्हाच्या मुंबई प्रांतात मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने ती उभी राहिली. देशभर पसरली ती नंतर. होमगार्ड पगारी नोकर नसतो. जितके दिवस ड्यूटी तितका भत्ता, आणि ड्यूटी नसेल तर घरी.

कोपरी पुलाचं काम २०१८ मध्ये सुरू झालं आणि २०२३ मध्ये पूर्ण झालं. महामार्ग दोन्ही बाजूंना चार-चार मार्गिकांचा आणि जुना पूल दोन-दोनचा, त्यामुळे मुंबईकडून ठाण्यात येणारी आणि ठाण्याहून जाणारी सगळी वाहतूक त्या मानेत अडकायची. एमएमआरडीएने शेजारी नवे पूल बांधले, मग जुना पाडून तिथेही नवा बांधला. गर्डर टाकायच्या रात्री वाहतूक बंद ठेवावी लागायची, वळवलेल्या गाड्या आमच्या गल्ल्यांत शिरू नयेत म्हणून प्रत्येक तोंडावर माणूस हवा असायचा. तेवढे पोलीस आणणार कुठून? त्या वर्षांत होमगार्ड आणि वॉर्डन नसते तर बारा बंगल्यापासून मीठबंदर रोडपर्यंत कोपरी जाम झाली असती.

आमच्यासोबत दिव्याहून येणारी एक होमगार्ड बाई होती. घरी लहान मुलं, दिवसा शिवणकाम. रात्री तीन वाजता ती ट्रेलरवाल्याला इतक्या ठामपणे थांबवायची की तो खाली उतरून ‘ताई, कुठून जाऊ?’ म्हणून विचारायचा. तिला रस्त्याची जाण आली होती. कुठल्या गाडीला कुठून वळता येतं, कुठला ट्रेलर वळणावर अडकणार, हे तिला लांबून दिसायचं. ही जाण यायला वर्षं जातात.

२०१९ मध्ये राज्यात होमगार्डचा भत्ता वाढला आणि तो वाढायलाच हवा होता. पण जानेवारी २०२० मध्ये निधी नाही म्हणून राज्यभरातल्या सुमारे ४० हजार होमगार्डची नेहमीची ड्यूटी थांबली. उत्तर प्रदेशात काही महिने आधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, असंच झालं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे तिथला भत्ता वाढला आणि लगेच २५ हजार जणांची ड्यूटी थांबवण्याचा निर्णय झाला. दर वाढवताना तरतूद वाढवली नाही की हे होतंच. हातात तेवढेच पैसे असतात, मग माणसं कमी केली जातात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाचा भत्ता ५७० वरून १०८३ रुपयांवर गेला. मला त्याचा आनंद आहे, आणि पोटात गोळाही येतो. माझं एकच सांगणं आहे, दर वाढवल्याच्या त्याच कागदावर ड्यूटीच्या दिवसांसाठीचे पैसेही लिहिलेले असले पाहिजेत.

ती दिव्याची बाई पुढे एका सोसायटीत वॉचमनच्या कामाला लागली. पुन्हा ड्यूटी सुरू झाल्यावर बोलावणं गेलं, ती आली नाही. तिच्या जागी आलेल्या मुलाला पहिल्याच रात्री सर्व्हिस रोडवर ट्रेलर वळवताना घाम फुटला होता. त्यात त्याची चूक नव्हती, तो नवीन होता.

५. उसनी दिलेली माणसं

गणपती, निवडणूक, अधिवेशन, मोठ्या माणसाचा दौरा. महामार्गावरची माणसं बंदोबस्ताला जातात. चार दिवस म्हणून गेलेली कधी कधी महिनाभर येत नाहीत. याचा कुठे हिशेबही राहत नाही, कारण कागदावर ती गस्तीलाच असतात. अंदाजपत्रकात कपात न होताही गस्त अशी अर्धी होते, आणि ही कपात सभागृहात कोणी मांडत नाही.

६. दुसऱ्या देशात याची मोजणी झाली आहे

माझा भाचा अर्थशास्त्र शिकवतो. मी निवृत्त झाल्यावर त्याने मला एक अभ्यास मराठीत समजावून सांगितला. तो ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. आम्ही आयुष्यभर जे म्हणत आलो आणि सिद्ध करू शकलो नाही, ते त्यात आकड्यांत होतं.

अमेरिकेत ओरेगॉन नावाचं राज्य आहे. तिथे शहराबाहेरच्या महामार्गांवर राज्य पोलिसांची गस्त असते. फेब्रुवारी २००३ मध्ये पैसे नाहीत म्हणून, आणि केवळ त्याच कारणाने, रस्त्यावरच्या गस्ती पोलिसांपैकी ३५ टक्के एकदम घरी बसवले. ग्रेगरी डीअँजेलो आणि बेंजामिन हॅन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यानंतरच्या अपघातांचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये छापून आला. दंडाच्या पावत्या घटल्या, आणि रस्त्यांवरचे जखमी व मृत्यू लक्षणीय वाढले. त्यांच्या हिशेबाने राज्य पोलिसांवर सुमारे ३ लाख ९ हजार डॉलर खर्च केले तर महामार्गावरचा एक मृत्यू टळतो.

वाढ जास्त दिसली ती शहराबाहेर आणि चांगल्या हवेत. घाटात राहिलेल्याला हे लगेच पटेल. धुक्यात आणि पावसात ड्रायव्हर स्वतःच घाबरून असतो. कोरडा रस्ता, मोकळी रात्र आणि कोणी बघत नाही ही खात्री, तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवर जातो.

आपल्याकडे महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसं रस्त्यावर मरतात. गस्त कमी झाल्यावर त्यांतले किती वाढले, हे मोजणारा अभ्यास इथल्या विद्यापीठांनी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुंबई आणि ठाण्यात अर्थशास्त्र शिकणारी इतकी मुलं आहेत. होमगार्ड थांबले ते महिने आणि लगेच नंतर आलेली टाळेबंदी यांची सरमिसळ झाली आहे, काम सोपं नाही. पण घाट आहे, नोंदवह्या आहेत, पोलीस ठाण्यांत एफआयआर आहेत.

७. कॅमेऱ्याला हात नसतात

मी कॅमेऱ्याविरुद्ध नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आता वेग, मार्गिका, सीटबेल्ट टिपणारी यंत्रणा बसली आहे आणि तिने शिस्त येईल असं मला वाटतं. पण त्याच रस्त्याचा आधीचा अनुभव विसरू नये. २०१६ मध्ये तिथे १५१ माणसं मेली होती. त्या वर्षी महामार्ग पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून काम सुरू केलं. दुभाजकांच्या उघड्या टोकांपासून चुकीच्या जागी थांबलेल्या ट्रकपर्यंत एकेक गोष्ट शोधून दुरुस्त केली. तीन वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. यात यंत्रं होती, पण कडेला थांबलेला ट्रक हलवायला शेवटी माणूसच जात होता.

रस्त्यावर टायरची फाटलेली पट्टी पडली आहे, ट्रकमधून सळई घसरली आहे, रात्री गुरं आली आहेत. कॅमेरा हे टिपतो. नियंत्रण कक्षातला माणूस पडद्यावर बघतो आणि बिनतारीवर विचारतो, ‘जवळ कोण आहे?’ त्या प्रश्नाला उत्तर देणारी गाडी लागते. कॅमेऱ्यांच्या खर्चासाठी गाड्या कमी केल्या तर पडदा बघणाऱ्याला फक्त बघत बसावं लागेल. चलनाचा मेसेज मोबाइलवर येतो तेव्हा चूक होऊन गेलेली असते. चौकात उभा पोलीस दिसला की पाय त्याच क्षणी ब्रेकवर जातो.

८. रस्ता वाढतो, माणसं तेवढीच

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. इगतपुरी ते आमणे, ७६ किलोमीटर. नागपूरहून ७०१ किलोमीटर आलेला रस्ता आता भिवंडी तालुक्यात, आमच्या जिल्ह्यात उतरतो. तिथून वडपे, माजिवडा आणि मग तीच वाहतूक आमच्या दाराशी, तीन हात नाका ओलांडून कोपरी पुलावर. नव्या रस्त्यासाठी हजारो कोटी मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण रस्ता वाढला म्हणून मंजूर पदं आपोआप वाढत नाहीत. त्यासाठी वेगळा प्रस्ताव, वेगळी फाइल, वित्त विभागाची वेगळी मान्यता. तोवर आहेत त्याच केंद्रांतून माणसं काढून नव्या रस्त्याला लावतात आणि जुना घाट आणखी मोकळा पडतो.

मे २०२० मध्ये, करोनात, राज्याने विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी भरती थांबवली. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे. पण एक वर्ष भरती थांबली तर तिचा खड्डा एका वर्षात भरत नाही. भरती, प्रशिक्षण, मग एखाद्या जुन्या हवालदाराच्या हाताखाली काही पावसाळे, तेव्हा कुठे घाटात एकट्याने उभा करण्यासारखा माणूस तयार होतो. तो जुना हवालदार तोवर निवृत्त झालेला असतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर लहान गाड्यांना टोल माफ झाला, त्यात आमचा आनंदनगर नाकाही आला. कोपरीतल्या लोकांना खूप हायसं वाटलं, मलाही. तो पैसा पोलिसांना मिळत नव्हता, त्यामुळे गस्तीचं त्यात काही गेलं नाही. पण नाक्यावर थांबणारी रांग कमी झाली की गाड्या वेगात येतात आणि पुढे जिथे अडतात तिथे वेगातच येऊन अडतात. म्हणजे तिथे उभा राहणारा माणूस आता आधीपेक्षा जास्त लागतो.

९. मागायचं असेल तर नेमकं मागा

‘पोलीस वाढवा’ असं निवेदन दिलं की ते फाइलला लागतं. ठाणे जिल्ह्यातल्या, कल्याण-डोंबिवलीतल्या ज्या नागरिक संघटना हा विषय घेतात त्यांना मी पुढचं सांगतो.

जिल्हा नियोजन समितीतून पोलिसांसाठी वाहनं घेता येतात आणि घेतलीही जातात. पण गाडी घेताना तिच्या डिझेलची, टायरची आणि ड्रायव्हरची सोय पुढच्या वर्षांसाठी कुठल्या हेडखाली केली आहे, ते विचारा. हार घालून रस्त्यावर आणलेल्या गाड्या बॅटरीवाचून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

डॉ. एस. राजसीकरन या कोईमतूरच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला. हाडं जोडता जोडता हा माणूस न्यायालयात गेला, याचं मला फार अप्रूप आहे. राज्यांनी रस्ता सुरक्षा निधी उभारावा, त्यात वाहतूक दंडातला वाटा जावा आणि प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असावी, असं त्यात आहे. आपल्या जिल्ह्याची समिती आहे. तिच्या बैठकीचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागा. दंडातला किती वाटा निधीत गेला आणि त्यातून गस्तीला काय मिळालं, हे दोनच प्रश्न विचारा.

आणि दर महिन्याला एक आकडा मागा. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत, जिल्ह्यातल्या महामार्गांवर, प्रत्यक्ष रस्त्यावर किती माणसं आणि किती गाड्या होत्या. मंजूर किती, हजर किती हे नको, रस्त्यावर किती. हा आकडा बिनतारीच्या लॉगमध्ये असतो, काढायला अर्ध्या तासाचंही काम नाही. एक वर्षभर तो ठाण्याच्या वर्तमानपत्रांत छापून येऊ द्या, अपघातांच्या आकड्याशेजारी, मग पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी बोलू.